कोठीतलं गाणं

आमच्या परतूरच्या वाड्यात माजघरामागे एक खोली होती. तीन पिढ्या तिला कोठी म्हणत आल्या. पुढे घरचेच काय, गल्लीतले लोकही तिला गाण्याची खोली म्हणू लागले. नावातला हा बदल १९७३ सालचा. तो कसा झाला हे सांगायचं, तर आदल्या वर्षीच्या दुष्काळापासून सुरुवात करावी लागते.

परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आमचा तालुका तिकडे गेला. दुधनेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस नि ज्वारी ही पिकं आणि मीटरगेजवरचं स्टेशन, यावर गाव चालायचं. वाडा माळवदाचा. ढाळजेतून आत आलं की चौक, चौकाभोवती ओसरी, पुढे माजघर आणि त्याच्या पोटात कोठी. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाड. वर सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर मातीचा थर. छताला एक सवणं होतं. त्यातून उजेडाचा गोल खाली पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. सुगी झाली की या कोठीत ज्वारीची पोती पार कड्यांपर्यंत लागायची. आत कुणाला हाक मारली तर ती पोत्यांतच जिरून जायची.

१९७२ ला पाऊस गेला. तेव्हा मी सातवीत होतो. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाणारी गल्लीतली माणसं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोठीतली थप्पी आठवड्याआठवड्याला खाली येत गेली. उन्हाळा लागता लागता शेवटचं पोतं संपलं. आजी झाडायला म्हणून आत गेली आणि तिने काकूला हाक मारली, "अगं, सूप घेऊन ये!" तिचा आवाज चारही भिंतींवरून फिरून तिच्याकडेच आला. आजी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "रिकामी कोठी बोलती रे बाबा. भरलेली असली की ऐकती."

दारात नाना उभे होते.

नाना म्हणजे माझे थोरले काका. ते जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचे. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. बोटांइतकाच त्यांचा कान तल्लख होता. घरात आजोबांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन होता आणि त्यासोबत बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. राग अजून उंबऱ्यात आहे तोवर तबकडी संपायची. मर्फीचा रेडिओ होता. आकाशवाणीवर शनिवारी रात्री साडेनऊला शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम नानांनी सहसा चुकवला नाही. वर्षातून एकदा, दत्तजयंतीला, ते अंबडला जायचे. अंबडचा दत्तजयंतीचा संगीत उत्सव म्हणजे मराठवाड्यातल्या गाणं ऐकणाऱ्यांची वारीच. नाना तिथे पुढच्या जाजमावर मांडी घालून बसत आणि उजाडेपर्यंत उठत नसत. परत आले की चार दिवस रेडिओ लावत नसत. कानातलं खरं गाणं विटू नये म्हणून जपत.

दुष्काळाच्या आधी त्यांनी सुटकेससारखा उघडणारा एक रेकॉर्ड प्लेअर घेतला होता आणि पाच-सहा एलपी. ३३ फेऱ्यांच्या एलपीची एक बाजू वीस मिनिटं चालायची. आता राग उंबरा ओलांडून घरात येऊ लागला. पण तो ऐकायचा कुठे? ओसरीवर माणसांची ये-जा, चौकात भांड्यांचा खळखळाट, माडीवर पत्रे. मुलं धावली की तबकडीवरची सुई उडायची. नाना खंतावायचे.

आजीची हाक परत आली त्या दिवशी नानांनी आत जाऊन टाळी वाजवली. टाळीमागे भिंतींवरून बारीक टर्र असा आवाज निघाला, कबुतराने पंख झाडावेत तसा. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. मग मला म्हणाले, "तू वाजव. मी कोपऱ्यात थांबतो." त्या दुपारी आम्ही दोघांनी कोठीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी नाना आजीपुढे बसले.

"आई, सुगीपर्यंत कोठी मला दे."

"कशाला?"

"गाणं ऐकायला."

घरात दाणा नाही आणि याला गाणं सुचतंय, असं कुणीही म्हणालं असतं. आजी म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प राहून ती एवढंच बोलली, "रिकामी कोठी बरी नसती. कशानं तरी भर बाबा ती."

नानांनी ती कशी भरली, ते मी जवळून पाहिलं. आज लोक या कामासाठी तज्ज्ञ बोलावतात, यंत्रं लावून खोली मोजतात. नानांजवळ कान होते, घरातल्या वस्तू होत्या आणि बरोबर मी होतो.

आधी त्यांनी प्लेअरची जागा ठरवली. टेबलावर ठेवला तर जमिनीचा हादरा टेबलाला आणि टेबलाचा सुईला. कोठीच्या जाड भिंतीत एक मोठा कोनाडा होता. त्यात त्यांनी दुधनेची चाळलेली वाळू चार बोटं पसरली, वाळूवर शहाबादी फरशीचा तुकडा आणि फरशीवर प्लेअर. मग मला खोलीभर उड्या मारायला लावलं. सुई जागची हलली नाही. नाना इतके खूश झाले की त्यांनी स्वतःही एक उडी मारली.

मग स्पीकर. जालन्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी मोठा स्पीकर आणला आणि गल्लीतल्या सुताराकडून त्याला जुन्या सागवानाची पेटी करून घेतली. पेटीत रुई भरायची होती. ती पिंजून द्यायला मामू आले. मामू आमच्या गल्लीचे पिंजारी. ते तांत छेडत तेव्हा गल्लीच्या तोंडापासून ढंग ढंग असा आवाज येई आणि कापसाचे पुंजके हवेत उडत. नाना पेटीत रुई ठासून भरत होते. मामूंनी त्यांचा हात धरला.

"नाना, दाबू नका. दाबली की तिचा दगड होतो. हवा खेळू द्या तिच्यात. मग बघा ती आवाज कसा पिती ते."

नानांनी भरलेली सगळी रुई बाहेर काढली आणि मामूंच्या हाताने पुन्हा भरली. त्या दिवसापासून मामू त्या खोलीचे झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लागली की ते डोळे मिटून बसत. दिवसभर एकाच तांतीचा आवाज ऐकणारा माणूस तो. सूर जरा हलला तरी त्यांच्या भुवईला कळायचं.

खरी परीक्षा भिंतींची होती. नानांनी घरातल्या सगळ्या वाकळा गोळा केल्या. काकू म्हणाली, "थंडीत काय पांघरायचं मग?" नाना म्हणाले, "थंडीला वेळ आहे." चारही भिंतींना वाकळा, जमिनीवर जाजम आणि त्यावर दोन गाद्या. टाळीचा टर्र पार गेला. आम्ही हिराबाईंची तबकडी लावली आणि एकमेकांकडे पाहत राहिलो. बाई पांघरुणात तोंड घालून गात असाव्यात तसं ऐकू येत होतं. तान फिरत होती, पण तिची झळाळी गेली होती. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी एक वाकळ काढली आणि तबकडी पुन्हा लावली. दुसरी काढली. तिसरी काढली. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी मला एक वाकळ काठीवर घालून भिंतीकडेने हळूहळू चालायला लावलं. ते स्वतः बसायच्या जागी डोळे मिटून बसले.

"चल... चल... थांब! तिथंच. आता कसं गोड ऐकू यायलंय."

तिथे खिळा ठोकला. समोरच्या भिंतीवरही तसाच. अखेर चार भिंतींवर मिळून तीनच वाकळा राहिल्या. बाकीच्या थंडीच्या आत काकूकडे परत गेल्या.

एक दुखणं मात्र शिल्लक होतं. पुरुष गायकाची एलपी लावली की तानपुऱ्याचा खर्ज खोलीत एका ठिकाणी घोंघावायचा आणि दोन हात बाजूला सरकलं की नाहीसा व्हायचा. नानांनी स्पीकर हलवला, गाद्या हलवल्या. घोंघावणं जागा बदलायचं, जात नव्हतं.

१९७३ ला पाऊस झाला. पुढच्या वर्षी फाल्गुनात शाळू घरात आला. पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या दारात लागल्या आणि ओसरीवर थप्पी उभी राहिली. नानांनी शब्द दिला होता, त्यामुळे त्यांनी स्वतःच प्लेअर कोनाड्यातून काढला आणि वाकळा घडी घातल्या. आजी दारात येऊन पाहत होती. तिने हमालाला सांगितलं, "मागच्या भिंतीला लाव पोती. आणि दोन्ही कोपऱ्यांत. मधलं तसंच राहू दे." उरलेली पोती माजघरात लागली. त्या वर्षी माजघरात वावरायला जागा नव्हती, पण घरात कुणी कुरकुर केली नाही.

त्या रात्री नानांनी तीच एलपी लावली. खर्ज लागला. नाना जागेवरून उठले, पोत्यांजवळ गेले, पुन्हा मध्ये आले, दाराशी जाऊन उभे राहिले. घोंघावणं नव्हतं. तानपुरा सगळ्या खोलीत सारखा पसरला होता, सारवलेल्या जमिनीसारखा. त्यांनी आजीला हात धरून आत आणलं आणि मधोमध बसवलं. तिला रागदारीचं काही कळत नव्हतं. ती ऐकत राहिली आणि बाजू संपल्यावर म्हणाली, "आता कशी भरल्यागत वाटायली."

पुढची वीस वर्षं ती खोली तशीच राहिली. कोठी ती कोठी आणि गाण्याची खोली ती गाण्याची खोली. दर सुगीला पोती नवी यायची आणि उन्हाळ्याअखेर कमी व्हायची. त्यामुळे वर्षभर खोलीचा आवाज थोडाथोडा बदलायचा. नाना म्हणायचे, "चैत्रात खोली धीरगंभीर असते, भाद्रपदात जरा बोलकी होते." भाद्रपदात पोती कमी झाली की एखादी वाकळ वाढायची. मे महिन्यात परतूरचं ऊन चाळीस अंशांच्या वर जायचं. त्या उन्हात एलपी पापडासारख्या वाकतात. मातीच्या भिंतींआड त्या उभ्या ओळीत सुखरूप राहायच्या. वाळवी लागू नये म्हणून नाना फळीवर कडुनिंबाचा पाला पसरत. एलपी पुसायला मऊ मलमलचं फडकं वेगळं ठेवलेलं असायचं. त्याला आम्ही मुलांनी हात लावायचा नव्हता.

खोलीचे नेमही ठरलेले. चपला चौकात. बाजू संपेपर्यंत बोलणं नाही. चहा बाजू उलटताना. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की एकेक जण यायचा: शाळेतले गुरुजी, पोस्टातले बाबू, भजनी मंडळातले पखवाजवाले, मामू. कधी जांब समर्थला रामजन्माला जाणारे पाहुणे परतूर स्टेशनवर उतरत आणि आमच्याकडे मुक्काम करत. तेही आत येऊन बसत. गाड्यांची वेळ नानांना पाठ होती. रात्रीची गाडी आली की जमिनीतून एक धडधड यायची आणि वाळूवरच्या प्लेअरलाही ती जाणवायची. म्हणून ते गाडीच्या आधी बाजू संपवत. गाडी जाईपर्यंत चहा होई. शेवटच्या डब्याचा आवाज विरला की दुसरी बाजू.

पुढे नानांनी दोन स्पीकरचा स्टिरिओ आणला तेव्हा खोलीत एक खास जागा तयार झाली. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, मधोमध. तिथे बसलं की गवई समोर येऊन बसल्यासारखा वाटायचा. तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या हाताला. त्या जागेवर मी नानांना बसलेलं फारसं पाहिलं नाही. जो पहिल्यांदाच आला असेल त्याला ते तिथे बसवत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, आपण रोजचे. खोलीचे लाड आपल्याला नेहमीचेच आहेत. त्याला पहिल्या दिवशी बरोबर ऐकू आलं तर तो पुन्हा येईल."

इंजिनिअरिंगसाठी मी औरंगाबादला गेलो. ग्रंथालयात इमारतींच्या ध्वनिशास्त्रावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. त्यात वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाची हकिकत होती. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द शब्दावर आदळायचा. बोललेलं साडेपाच सेकंद घुमत राहायचं. त्याचं काय करता येईल ते बघ, असं सॅबाइनला सांगितलं गेलं. तो रात्री काम करायचा, कारण दिवसा रस्त्यावर गोंगाट. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, ऑर्गनच्या नळीतून एक स्वर काढायचा आणि तो किती वेळ टिकतो ते घड्याळावर मोजायचा. मग थोड्या गाद्या वाढवायचा आणि पुन्हा मोजायचा. पहाटेच्या आत गाद्या परत जागेवर. अशा रात्री घालवून त्याने सूत्र काढलं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू मिळून जेवढा आवाज शोषतात त्याने भागा, की आवाज विरायला लागणारा वेळ मिळतो. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल बांधताना त्याचं हे गणित वापरलं गेलं, आणि जगातल्या उत्तम संगीतगृहांत तो हॉल आजही गणला जातो.

मी ते पान वाचत होतो आणि मला दिसत होते रात्री वाकळा काढणारे, पुन्हा लावणारे नाना. त्याच रात्री मी आमच्या कोठीचं गणित मांडलं. अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे सुमारे ५३ घनमीटर. मातीच्या भिंती, फळ्यांचं छत, जाजम, तीन वाकळा, मागची पोती आणि सहा माणसं. उत्तर आलं साधारण अर्धा सेकंद. त्या मापाच्या ऐकण्याच्या खोलीला पुस्तकही जवळपास तेवढंच मागत होतं.

नानांना मी लांबलचक पत्र लिहिलं. सॅबाइनच्या गाद्या, सूत्र, उत्तर, सगळं. खर्ज का घोंघावायचा तेही लिहिलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. त्याची लाट समोरासमोरच्या दोन भिंतींत नेमकी बसली की तो स्वर फुगतो. म्हणून लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली खोली गाण्याला सगळ्यात वाईट. तिन्ही दिशांनी एकच स्वर फुगतो. आमच्या कोठीची तिन्ही मापं वेगळी होती, हे आपलं नशीब. खर्जाची लाट लांब असते. तिला वाकळ अपुरी पडते. कोपऱ्यात हातभर जाडीचं काहीतरी हवं असतं. आजीची पोती तिथेच कामाला आली. शेवटी आरशाची युक्ती लिहिली. आपल्या जागी बसायचं आणि दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की समजायचं, आवाज भिंतीच्या त्या जागेवर आपटून आपल्याकडे येतो. वाकळ तिथे हवी.

उत्तर पोस्टकार्डावर आलं. "तुझ्या साहेबाला रात्री गाद्या वाहाव्या लागल्या हे वाचून वाईट वाटलं. आपल्या घरच्या होत्या ते बरं. आरसा लावून पाहिला. खिळा वीतभर चुकला होता. सरकवला. आईला पोत्यांचं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं."

ते कार्ड माझ्याकडे अजून आहे.

नव्वदच्या दशकात मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली. ओसरीवर टीव्ही आला, कॅसेटी आल्या. गुरुजी, पोस्टातले बाबू एकेक करून गेले. शेवटी शेवटी शनिवारी रात्री नाना आणि मामू असे दोघेच असत. मी सुट्टीत गेलो की तिसरा. नाना मला मधल्या जागेवर बसवत. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण मी काही पहिल्यांदा आलेलो नसे. "वर्षाने येतोस," ते म्हणत, "म्हणजे नवाच की." १९९९ च्या पावसाळ्यात नाना गेले. त्या साली भाद्रपदात खोलीला जास्तीची वाकळ लावायला कुणी नव्हतं.

माळवदाचं घर माणसाच्या हाताशिवाय टिकत नाही. दरवर्षी पावसाआधी वर माती टाकावी लागते, चोपावी लागते. आम्ही सगळे नोकऱ्यांच्या गावी. छत गळू लागलं, एक तुळई वाकली. २०१२ साली वाडा उतरवायचं ठरलं. आदल्या दिवशी मी टेप घेऊन कोठी मोजली. लांबी, रुंदी, उंची, कोनाडा, दार आणि दोन्ही खिळ्यांच्या जागा. मग मधोमध उभं राहून टाळी वाजवली. खोली रिकामी होती, ती बोलली.

एलपी आणि ७८ च्या तबकड्या मी मुंबईला माझ्या घरी नेल्या. फ्लॅटच्या हॉलमध्ये त्या लावल्या की भिंतींवरून काचेसारखा आवाज यायचा, आणि तानपुरा लागला की खालच्या मजल्यावरचे वर पाहायचे. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि नारायण मुलानी यांनी जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था सुरू केली. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हे तिचं नाव. माणसं एकत्र बसून तबकड्या ऐकतात, असं मी तिच्याविषयी वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. ऐकणं ही चारचौघांत बसून करायची गोष्ट आहे, हे मानणारे परतूरच्या बाहेरही होते.

निवृत्त झाल्यावर मी परतूरला परतलो. वाड्याच्या जागी धाकट्या भावाने स्लॅबचं घर बांधलं होतं. त्याला लागून एक खोली मी बांधायला घेतली. मिस्त्रींनी दहा बाय दहाची आखणी केली होती, उंचीही दहा. मी ती पुसायला लावली आणि खिशातला कागद काढला: अठरा, अकरा, साडेनऊ. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे कुठलं माप काढलं?" मी म्हटलं, "घरातलंच आहे."

माप तेच, पण माती गेली होती. विटा, सिमेंटचा गिलावा, वर गुळगुळीत स्लॅब. टाळी वाजवली तर टर्र असा आला की नाना असते तर कानांवर हात ठेवले असते. मग मी एकेक भरत गेलो. वाड्याच्या दोन तुळया भावाने जपून ठेवल्या होत्या. त्या आणि कड्या मी छताला आडव्या लावून घेतल्या, म्हणजे वर गेलेला आवाज एकदम खाली न येता तुटून पसरावा. लाकडी चौकटीत रुई भरून, वर सुती कापड ताणून तक्ते केले. ते भरायला मामूंचा नातू आला. तो आता गाद्यांचं दुकान चालवतो, पिंजायला यंत्र आहे. रुई भरता भरता मला म्हणाला, "काका, दाबू नका हं. आमचे दादा सांगायचे, हवा खेळू द्यावी." मला तिथेच बसावंसं वाटलं. मागच्या भिंतीला पुस्तकांची आणि तबकड्यांची फळ्यांची मांडणी केली. पुस्तकं लहानमोठी, पुढेमागे, म्हणजे आवाज विखुरतो. आरसा सरकवून तक्त्यांच्या जागा ठरवल्या. भिंतीत कोनाडा ठेवलाच होता. वाळू दुधनेची, फरशी तीच, वाड्यातून काढून ठेवलेली.

सगळं झालं. एलपी लावली. सूर स्वच्छ होता, तान झळाळत होती. आणि खर्ज एका ठिकाणी घोंघावत होता.

भावाला म्हटलं, ज्वारीची दहा पोती लागतील. तो म्हणाला, "दादा, ज्वारी आता पेरतंय कोण? सगळीकडं सोयाबीन. निघालं की शेतातूनच बाजारात जातं, घरात पोतं येतच नाही." हे मला माहीत असायला हवं होतं. वहिनीच्या माहेरी अजून शाळू पेरतात. तिने फोन केला. फाल्गुनात टेम्पो दारात आला. दहा पोती, क्विंटलाची एकेक. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत थप्पी लावली. एवढी ज्वारी घरात बघून वहिनीचाच चेहरा उजळला. "आईंची कोठी झाली की," ती म्हणाली. आजी तिला भेटलेली नव्हती, पण या घरात सगळे तिला आईच म्हणत.

त्या रात्री भावाची नात माझ्याबरोबर आत होती. सात वर्षांची आहे. मी तिला टाळी वाजवायला सांगितली. तिने सगळा जोर लावून वाजवली आणि वाट पाहत राहिली.

"आजोबा, काहीच होत नाही."

"हो ना?"

"खोली ऐकून घेते नुसती."

मी तिला काही शिकवलं नव्हतं. तबकडी लावायला मी उठलो, तर सुई ठेवायला हात थोडा थरथरला. हिराबाईंची लावली. आवाज पांघरुणातून आला नाही आणि काचेवरूनही आला नाही. नात ऐकता ऐकता पोत्याला टेकून झोपली. अशी त्या कोठीत मीही झोपलेलो आहे.

आता परत शनिवार सुरू झाले आहेत. मामूंचा नातू येतो. कॉलेजातली दोन पोरं येतात, एक निवृत्त तलाठी येतात. रात्री साडेनऊला बसतो. चपला बाहेर, बाजू संपेपर्यंत बोलणं नाही, चहा बाजू उलटताना. भाद्रपदात ज्वारी कमी झाली की एक वाकळ लावतो. गाडीची वेळ पाहून तबकडी लावायची सवय मलाही लागली आहे.

दिवाळीला गावाकडे येणारी पुष्कळ माणसं परतूर स्टेशनवर उतरतात. तुम्ही त्यांतले असाल आणि शनिवार असेल, तर या. दार लोटलेलं असतं, कडी नसते. दोन्ही स्पीकरच्या मधली जागा आम्ही मोकळी ठेवतो. तिथे बसा.